दिघेकाकांनी अंगावर घेतलं ते

मला सांभाळून घेतलं ते दिघेकाकांनी. वसंतराव दिघे, मूळचे श्रीगोंद्याकडचे, त्या वेळी मुक्काम नोव्हाय, मिशिगन. काय झालं ते पुढे सांगतेच, पण नाव आधी लिहून ठेवते. आपल्या इथल्या मराठी मंडळात हे नाव निघालं की अजून कुणीतरी म्हणतं, "तेच ना, ज्यांच्यामुळे शेंड्यांचं कुत्रं मरायला टेकलं होतं?" मी तिथेच चहाचे कप गोळा करत असते. ऐकते आणि कप घेऊन आत जाते. चार वर्षं मी हेच केलं.

माझी शाळा सातवीत सुटली. लग्न झालं, आणि दोन वर्षांत नवऱ्याने फलटणला माहेरी आणून सोडलं ते न्यायला आलाच नाही. भावाच्या घरात मी जादा होते. मग चुलतभावाने, म्हणजे ह्याच शेंड्यांच्या दादाने, इकडे बोलावून घेतलं. दादा मोटारींच्या कंपनीत इंजिनियर, वहिनी हॉस्पिटलात भूल देणाऱ्या डॉक्टर. स्वयंपाकाला आणि त्यांच्या मुलीला, मीनलला, बघायला घरचं माणूस हवं होतं. वहिनींनी पहिल्याच आठवड्यात अगदी प्रेमाने सांगितलं, "शकू, रमलीस तर राहा. नाहीच जमलं तर तिकीट काढून देऊ, संकोच करू नकोस." त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण परत म्हणजे भावाचं दार. त्यामुळे भाजी करपली, कप फुटला, मशीनमध्ये पांढऱ्यात रंगीत कपडा गेला, की माझ्या डोळ्यांपुढे आधी ते तिकीट यायचं.

सप्टेंबर संपता संपता मीनलच्या हट्टाने घरात कुत्र्याचं पिल्लू आलं. आठ आठवड्यांचं, गव्हाळ रंगाचं. मीनलने नाव ठेवलं बिस्किट. सकाळी सात वाजता तिघंही आपापल्या वाटेने जायची आणि मागे राहायचो बिस्किट आणि मी. मला कुत्र्यांची भीती. फोनची भीती, दाराच्या घंटेची भीती. तरी पिल्लू माझ्यावर सोपवलेलं. वहिनी म्हणाल्या, "He's your responsibility दिवसभर. नीट सोशल झालं पाहिजे हं, नाहीतर पुढे चावरं होतं." सोशल म्हणजे काय करायचं, हे विचारायचं माझं धाडस झालं नाही.

मी आपली कपडे वाळत घालायची दोरी त्याच्या गळ्यात बांधून त्याला रस्त्याकडेच्या गवतावर नेलं. ते हुंगत बसलं, हलेना. मी त्याला मराठीत रागवत होते. तेवढ्यात मागून मराठीतच आवाज आला, "आधी उचल त्याला. उचल म्हणतो ना."

मी उचललं. मग वळून बघितलं. साठीचा माणूस. मुलाचा जुना जाड कोट, बाह्या बोटांच्या पुढे आलेल्या. पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट, काखेत जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा. त्यांनी माझं नाव विचारलं नाही. किती आठवड्यांचं, टोचलं का, खायला काय घालतेस, एवढंच. मी म्हटलं, दूध-पोळी. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि म्हणाले, "बघू." मग पिल्लाचा ओठ वर करून हिरडीवर अंगठा दाबला, सोडला, रंग परत कसा येतो ते बघत राहिले. माझ्याकडे त्यांनी पहिल्यांदा नीट बघितलं असेल ते त्यानंतर.

दिघेकाकांची ही रीतच होती. कुठेही गेले की आधी जनावराकडे बघायचे, मग माणसाकडे. बिस्किटला ते कधी नावाने हाक मारत नसत. म्हणायचे पेशंट. "काय म्हणतोय पेशंट?" तिकडे त्यांनी पंचवीस वर्षं गुरांचे डॉक्टर म्हणून नोकरी केली होती. सरकारी जीप होती. म्हशींची नावं त्यांना आठवत नसत, पण कुठल्या वाडीवरच्या कुणाच्या म्हशीला कुठल्या साली काय झालं होतं, ते तोंडपाठ. बायको गेली, मग मुलाने इकडे आणलं. इकडची परीक्षा दिल्याशिवाय इथे डॉक्टरकी करता येत नाही. त्यांनी ती दोनदा दिली. तिसऱ्यांदा द्यायचं नाव काढलं की म्हणायचे, "बघू." आणि दोन मैलांवरच्या जनावरांच्या दवाखान्यात पिंजरे धुवायचे. सकाळी सहा ते दुपारी दोन. घरी परतायची वाट आमच्या गल्लीतून.

त्या दिवशी त्यांनी मला जे समजावलं ते माझ्यासारखीला कळेल असं समजावलं. म्हणाले, पार्व्हो म्हणून रोग निघालाय, आमच्या शिकायच्या वेळी तो नव्हताच. पिल्लाला रक्ताची हगवण लागते आणि दोन-तीन दिवसांत खेळ संपतो. तो जमिनीवर महिनोन्‌महिने टिकतो. आईच्या दुधातली ताकद ओसरत असते आणि टोचण्याची अजून पुरती भरलेली नसते, त्या मधल्या फटीत तो शिरतो. म्हणून सगळं टोचून होईपर्यंत, म्हणजे नाताळ जवळ येईपर्यंत, बाहेरच्या जमिनीला पाय लावायचा नाही.

मी म्हटलं, मग घरातच ठेवते.

"ते तर त्याहून वाईट," काका म्हणाले. "आत्ता ह्या दोन महिन्यांत जे जे बघेल त्याची त्याला भीती वाटणार नाही. जे बघणार नाही त्याला जन्मभर भिईल. आणि भ्यालेलं कुत्रं चावतं. मग त्याला ठेवत नाहीत इथे."

शेवटचं वाक्य ऐकून मी घाबरले. कुणासाठी, ते तेव्हा मला धड सांगता आलं नसतं.

उपाय त्यांनीच सांगितला. जुन्या सुती साडीची झोळी करून पिल्लू छातीशी बांधायचं आणि फिरायचं. आमच्याकडे शेतावर जाणाऱ्या बायका पोर बांधतात तसं. तेवढं मला येत होतं. रोज दोन वाजून गेले की काका यायचे आणि आम्ही निघायचो. शाळेची पिवळी बस उभी राहते तिथे लांब उभं राहायचं. पोरं ओरडत उतरायची. दुसऱ्या दिवशी दहा पावलं पुढे, तिसऱ्या दिवशी आणखी दहा. पिल्लू आखडलं की काका तिथेच थांबवायचे. पुढे नाही, मागे नाही. ते सैल होऊन जांभई देईपर्यंत. "तुला काय वाटतं ते राहू दे," म्हणायचे. "त्याला काय वाटतं ते बघ."

भेटवायच्या माणसांची यादी त्यांच्या डोक्यात होती. टोपीवाला. दाढीवाला. कुबड्या घेतलेला. काळा माणूस, गोरा माणूस, छत्री उघडणारी बाई, रांगणारं मूल. टपाल टाकणारा रोज भेटायचा, त्याला थांबवायचं होतं. काका बोलतील असं मला वाटलं, तर ते बाजूला सरकून वर्तमानपत्र वाचायला लागले. मला त्यांनी एकच वाक्य शिकवलं होतं: प्लीज, ही इज लर्निंग, विल यू टच हिम? मी ते इतक्या हळू म्हटलं की टपालवाल्याने तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा त्याला कळलं. त्याने बोट पुढे केलं, बिस्किटने ते चाटलं. घरी येताना काका म्हणाले, "पेशंट बरा होता. तूही बरी होतीस."

घरात कुकरच्या शिट्टीची सवय लावायची होती. पहिल्या दिवशी पिल्लू वरच्या खोलीत दार लावून, मी खाली कुकर लावलेला. मग दार उघडं. मग जिना उतरून मधल्या खोलीत. जिन्यावरून मात्र त्याला उचलूनच न्यायचं, कारण हाडं कच्ची. काका त्याचा पुढचा पाय हातात धरून सांध्याची गाठ दाखवायचे, "हे अजून दही आहे." खेळही त्यांच्या घड्याळावर. पिल्लू दमायच्या आधी खेळ थांबवायचा, मीनल कितीही रुसली तरी. मीनल म्हणायची, "He's so strict, आत्या." पण त्यांचं ऐकायची, आणि आई-बाबांना सांगायचं नाही हे आमच्यात ठरलेलं होतं.

एवढी काळजी का, असं मी एकदा विचारलं. तेव्हा त्यांनी बैलाची गोष्ट सांगितली. ओढ्यावर नवा लोखंडी पूल झाला होता. एक जातिवंत खोंड त्याच्यावर पाय ठेवीना. मालकाने शेपूट पिरगाळलं, मागून दोघांनी काठ्या घातल्या. खोंड पुढे न जाता कठड्यावरून खाली गेला. काका पोचले तेव्हा तो बसलेला होता, मागचे दोन्ही पाय गेलेले, आणि रवंथ करत होता. "वासरू असताना एकदा कुणी शांतपणे त्याला तसला पूल दाखवला असता तर," म्हणाले. पुढे काय केलं ते त्यांनी सांगितलं नाही. खिशातून बडीशेप काढून मला दिली.

काका घरात कधी येत नसत. मागच्या दाराच्या पायरीवर बसायचे. दवाखान्यातून निघताना बूट धुतलेले असायचे, तरी आमच्या मागच्या दारी त्यांनी एक जुना ट्रे ठेवायला लावला होता. त्यात ब्लीचचं पाणी. त्यात उभं राहून मनात शंभर मोजायचे, मग पायरी चढायचे. हात तर इतके धुतलेले की बोटांच्या पेरांना भेगा पडलेल्या. हे मी मुद्दाम लिहिते आहे. त्यांच्या बुटांविषयी पुढे जे बोललं गेलं ते तुम्हा सगळ्यांना माहीत आहे.

दुसऱ्या आठवड्यात बिस्किटला टोचायला वहिनींबरोबर दवाखान्यात गेले. काका फरशी पुसत होते. मी हसले. त्यांनी ओळख दाखवली नाही. तिशीतला डॉक्टर "वॅस, होल्ड हिम" म्हणाला. काकांनी फडकं ठेवलं, हात धुतले, पिल्लू धरलं. डॉक्टर सुई भरायला वळला, तेवढ्यात काकांचा अंगठा हिरडीवर जाऊन आला. गाडीत वहिनी म्हणाल्या, "तो क्लीनर आपल्याकडचा दिसतो, नाही? Poor man." मी म्हणायला हवं होतं की वहिनी, ते तुमच्यासारखेच डॉक्टर आहेत, आणि रोज आपल्या दारी येतात. पण कुणाला न विचारता परका माणूस दारी येऊ देते म्हटल्यावर काय होईल, ते डोळ्यांपुढे आलं. मी खिडकीबाहेर बघत बसले.

मग दिवाळी. दिवाळीनंतरच्या शनिवारी आमच्याकडे फराळाला तीसएक माणसं. काकांना बोलावणं नव्हतं. आदल्या दिवशी पायरीवर बसून त्यांनी मला बजावलं: माणसं येतायत हे चांगलं, पण एकेकाने बसून भेटायचं, कुणी उचलायचं नाही, आणि पेशंटला गलका नको झाला तर निजायला एक कोपरा ठेव. मी सगळं केलं. एकेकाला हात धुवून जमिनीवर बसवलं. लोक हसत होते, "शकूताई, कुत्र्याची मुंज आहे का?" पण ऐकत होते. तासाभराने पोरांचा आरडाओरडा वाढला. बिस्किट सोफ्याखाली गेलं. मी त्याला उचललं आणि घरातला सगळ्यात शांत कोपरा शोधला. पुढच्या दाराजवळ कोट टांगायचं कपाट आहे. त्याच्या तळाशी पाहुण्यांचे बूट-चपला ठेवले होते. तीस माणसांचे, बाहेरच्या चिखलपाण्यातून आलेले. वर कोटांची सावली, ऊब. मी त्या ढिगावर त्याचं पांघरूण टाकून त्याला निजवलं. कुणीतरी फोटो काढला. ते एक बूट तोंडात धरून झोपून गेलं.

पायताणं दारात काढली की घाण दारात राहिली, असंच आपण समजतो. मीही तेच समजले. मागच्या दारी ट्रे होता. पुढच्या दाराने एरवी कुणी येतच नसे. पाच आठवडे ज्या जमिनीला मी त्याचा पाय लागू दिला नव्हता, तीच सगळी मी त्याच्या तोंडाशी नेऊन दिली.

पाचव्या दिवशी त्याने खाणं सोडलं. सहाव्या दिवशी उलट्या, मग रक्त. घरी मी एकटी. आयुष्यात पहिल्यांदा मी फोनचे आकडे स्वतः फिरवले. सर्दीने काका दोन दिवस आमच्याकडे वळले नव्हते; त्या दिवशीही कामावरून परस्पर घरी पोचले होते, तसेच पायी आले. पहिल्यांदाच घरात आले. हिरडी बघितली. मग हळू आवाजात विचारलं, कुठे कुठे ठेवलं होतंस? मी कपाट दाखवलं. काकांनी वाकून कपाटाचा तळ बघितला आणि दार लावून घेतलं.

चारला वहिनी आल्या. सगळं बघितलं, फोनवर डॉक्टरशी बोलल्या. डॉक्टर म्हणाला, वाचायची आशा कमी, हाल करण्यापेक्षा झोपवून टाका. मीनल जिन्यात बसून रडत होती. वहिनी माझ्याकडे वळल्या. "शकू, खरं सांग. तू ह्याला बाहेर जमिनीवर सोडलं होतंस?"

तिकीट, फलटणचा स्टँड, भावाचं दार, सगळं एकदम समोर आलं.

काका म्हणाले, "डॉक्टरीणबाई, तिला नका विचारू. माझ्या बुटांवरून आलंय. मी दवाखान्यात पिंजरे धुतो आणि रोज तसाच इथे येत होतो. तिला काय माहीत. चूक माझी."

वहिनींनी आधी मीनलला वर पाठवलं. मग बोलल्या. ते इथे लिहीत नाही. काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पिल्लू मला द्या. मरायचंच असेल तर दोन दिवस उशिरा मरेल."

मुलाच्या गराजमध्ये त्यांनी त्याला ठेवलं. मुलाची गाडी बाहेर बर्फात. शिडीला सलाइनची पिशवी टांगलेली, खाली वर्तमानपत्रांचा थर, आणि काका उकिडवे बसून त्याच्या कातडीखाली सुई घालताहेत. मी दुपारी जायची आणि उंबऱ्याबाहेर उभी राहायची. एरवी त्यांचे हात कपभर चहा धरताना कापायचे. तिथे कापत नव्हते. दर तासाला साखरमिठाच्या पाण्याचे चार थेंब, तेवढेच. पाचवा मी मागितला तर रागावून बघायचे. सहाव्या दिवशी बिस्किटने मान वर करून शेपटी एकदा आपटली. काका म्हणाले, "बघू." आणि तोंड फिरवून घेतलं.

त्या दिवसांत ते कामावर गेले नाहीत. आपल्या अंगाकपड्यांवरून दुसऱ्या पिल्लांना लागेल म्हणून स्वतःच कळवून थांबले होते. पण वहिनींनी रागाच्या भरात दवाखान्यात फोन करून सांगितलं होतं की तुमच्या क्लीनरने रोग आमच्या घरी आणला. बिस्किट बरं झालं आणि काकांना निरोप आला, आता यायचं कारण नाही. मंडळात आठवड्याभरात सगळ्यांना कळलं. कुणीतरी म्हणालं, खोटी डॉक्टरकी करतो म्हणे. काकांच्या मुलाने हे एका मुंजीच्या जेवणात पंगतीत बसून ऐकलं.

मी त्यांच्याकडे गेले. म्हटलं, मी वहिनींना खरं सांगते. काका गराजची फरशी ब्लीचने घासत होते.

"मग तुला परत पाठवतील," म्हणाले. "मला कुठे पाठवणार?"

मी रडायला लागले. त्यांनी घासणं थांबवलं नाही. थोड्या वेळाने माझ्याकडे न बघता म्हणाले, "नोकरीचं काही नाही गं. पिंजरेच होते. पण त्या पोराने, त्या डॉक्टरने, मला एकदा विचारलंसुद्धा नाही. चार वर्षं माझे हात बघत होता. म्हणाला असता, वॅस, तू असं कसं केलंस. तर मला वाटलं असतं की ह्याला वाटलं होतं, मी असं करणार नाही."

एवढंच. त्यानंतर हा विषय त्यांनी काढला नाही आणि मलाही काढू दिला नाही.

जानेवारीत मुलाला वॉशिंग्टन राज्यात, बॉथेलला नोकरी लागली. जायचा दिवस मला ठाऊक नव्हता. शेवटचं टोचून झालेलं. काकांनी सांगितलेले दिवस मोजून मी बिस्किटला पहिल्यांदा चालवत फुटपाथवर आणलं होतं. कोपऱ्यावर सामानाने भरलेली गाडी थांबली. पुढच्या सीटवर काका, मांडीवर ट्रंक. मुलाने माझ्याकडे बघितलं नाही. बरोबरच होतं त्याचं. तेवढ्यात समोरून एक म्हातारी बाई चाकाची खुर्ची ढकलत आली, खुर्चीत तिचा नवरा, गुडघ्यावर घोंगडी. असलं काही आम्ही बिस्किटला कधी दाखवलं नव्हतं. ते थबकलं. मी दोरी ओढली नाही. उभी राहिले. काका काच खाली करून बघत होते, सगळा चेहरा बिस्किटकडे. ते एक पाऊल पुढे गेलं, चाक हुंगलं, आणि म्हाताऱ्याच्या लोंबत्या हाताखाली डोकं घातलं. मी वर बघितलं तेव्हा गाडी वळली होती. काकांची मान मागे वळलेली, अजून कुत्र्याकडेच.

बिस्किट आता चार वर्षांचं आहे. ते कुणालाच भीत नाही. मी अजून वहिनींच्याच घरात राहते. बॉथेलहून येणारे सांगतात की काका हल्ली घराबाहेर पडत नाहीत.

मंडळाचा हा अंक वहिनी वाचतील, त्या दिवशी ज्यांच्या चपला कपाटात होत्या तेही वाचतील. वाचल्यावर वहिनी जे ठरवतील ते ठरवतील. पण काकांचं देणं एवढ्याने फिटत नाही, कारण मराठी अंक त्यांच्या घरी जात नाही आणि त्यांचा मुलगा आता मराठी काही वाचत नाही. काका, मी बॉथेलला येईन. विमानाचं मला काही कळत नाही, पण विचारत विचारत येईन. तुमच्या मुलासमोर उभी राहून, तुम्ही गप्प बस म्हणालात तरी, त्याला तोंडाने सांगेन की तुमचे वडील डॉक्टर आहेत आणि त्यांनी काही चुकवलं नव्हतं.